शंभर ग्रॅम सुक्रालोज: माल चांगला, डबा वाईट

पाचपैकी तीन तारे देतेय. साखरेऐवजी वापरायच्या या गोड पावडरीत खोट नाही. वैताग आणला तो डब्यानं, त्यातल्या चमच्यानं आणि लेबलानं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नंतर शोधलं तर इतरांचे डबेही थोड्याफार फरकानं असेच निघाले.

मी चिपळूणची. कोकमाचं आगळ करून विकते आणि आमच्या यांना मधुमेह आहे, म्हणजे कसली पंचाईत ते ओळखा. मे महिन्यात दुपारी चारला सरबत नाही म्हटलं की हे शाळकरी पोरासारखं तोंड करून बसतात. आधी पुड्यांमधली पावडर आणायचो. त्या पुडीत खरं गोडवा देणारं द्रव्य किंचित असतं, बाकी डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज) नाहीतर माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) यांची भर. चमचाभर दिसावी म्हणून. ही भर आमच्या पावसात हमखास सादळते, पुडीचा खडा होतो, आणि वर ती रक्तातली साखर वाढवणारीच. म्हणून यंदा शुद्ध सुक्रालोज मागवलं, १०० ग्रॅम, ५५० रुपये.

सुक्रालोज साखरेच्या साधारण ६०० पट गोड. म्हणजे माझ्या दारात ६० किलो साखर आली होती, ती मुठीएवढ्या पावडरीत. डबा मात्र अर्धा किलोच्या लोणच्याच्या बरणीएवढा. तळाशी माल, वर नुसती हवा, तोंडाला ॲल्युमिनियमची फॉइल.

मी काय केलं? पंखा पाचवर, ओट्यापलीकडे पाटावर पोह्याच्या पापडाच्या लाट्या, हातात कात्री. फॉइलला भोक पाडून जोरात ओढली. फस्सकन ढग आला. चांगला पिठाळ, पांढरा. आधी शिंक, मग घशात गोड, मग जिभेवर गोड, ओठ चाटले तरी गोड. पाणी प्यायले तर पाणी गोड, कारण पेल्याच्या काठावरही बसली होती. मी झाडू घेतला आणि उरलीसुरली पावडरही उडवली. आठवडाभर त्या ओट्यावर जे ठेवू ते गोड. पापडांचं विसरलेच होते. जूनमध्ये यांनी आमटीबरोबर एक भाजला आणि विचारलं, "यात गूळ घातलायस का?"

तर आता शहाणपण. डबा उघडण्याआधी पंखा बंद आणि गॅसही बंद. कुठल्याही बारीक सेंद्रिय पावडरीचा दाट ढग ज्योतीजवळ पेट घेऊ शकतो. कारखान्यांत याची मोठी धास्ती असते, स्वयंपाकघरात एवढ्याशा मालानं काही होईल असं नाही, पण शेगडीशेजारी ढग कशाला उडवायचा? फॉइल एका कडेनं हळूच सोलायची. नाकाला साधा मास्क. सांडली तर ओलं फडकं, दोनदा. ही पाण्यात पटकन विरघळते, त्यामुळे ओल्या फडक्याला लगेच येते, झाडूला कधीच येत नाही. आणि काम झाल्यावर हात धुवायचे, नाहीतर पुढची भाकरीही गोड लागते. माझी लागली.

आता तो चमचा. प्रोटीन पावडरीच्या डब्यात असतो तसला प्लास्टिकचा. सोनाराचा काटा आहे आमच्या घरी, केशर तोलायला घेतलेला, एक शतांश ग्रॅम दाखवणारा. त्यावर हा चमचा सपाट भरून ठेवला, साडेतीन ग्रॅम. म्हणजे दोन किलोवर साखरेचा गोडवा एका चमच्यात! हा चमचा ज्यानं आत टाकला त्यानं स्वतः एकदा तरी चहात घालून प्यायला हवा होता. लेबलावर वापराची पद्धत काय, तर 'चवीनुसार'. स्वयंपाकघरातला नेहमीचा वजनकाटा इथे कुचकामी, त्याची सर्वांत लहान पायरी १ ग्रॅम, आणि इथे १ ग्रॅम म्हणजे ६०० ग्रॅम साखर. शिवाय प्लास्टिकच्या चमच्याला पावडर चिकटून बसते, झटकली की उडते. मी तो फेकला, स्टीलचा घेतला, कोरडा खडखडीत.

फार्मसी शिकणाऱ्या भाच्यानं सांगितलेला उपाय सगळ्यांत कामाचा निघाला: पावडर रोज हाताळायचीच नाही. उकळून गार केलेलं पाणी थोडं घ्यायचं, त्यात २ ग्रॅम पावडर विरघळवायची आणि २०० मिलिलिटर भरेपर्यंत पाणी घालायचं. काचेच्या बाटलीत ओतून फ्रीजमध्ये. औषधाच्या मापानं ५ मिलिलिटर घेतलं की त्यात ५० मिलिग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅम साखरेइतकं गोड. एका पेल्याला नेमकं पुरतं. बाटलीवर तारीख घालायची आणि आठवड्यानं उरलेलं ओतून टाकायचं, कारण साखरेचा पाक टिकतो तसं हे पाणी टिकत नाही, बुरशी येते.

हिशेबही सोपा होतो. रोज किती चालतं, तर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅम, अमेरिकेची ५. आमचे हे ६० किलोचे, म्हणजे अमेरिकेच्या मापानं ३०० मिलिग्रॅम, सहा मापं. हे दोन पेल्यांवर थांबतात. त्या प्लास्टिकच्या चमच्यात मात्र अकरा दिवसांचा कोटा होता.

अमृत कोकम यात होईल का, असं मला गिऱ्हाइकं विचारतात. नाही होणार. अमृत कोकमात साखर नुसती गोडीला नसते, ती सालीतला रस ओढून काढते आणि तीच तो टिकवते. सुक्रालोज यातलं काहीच करत नाही. म्हणून आगळ वेगळं, ते मिठावर टिकतं, आणि गोडवा पेल्यात ऐनवेळी. नानकटाईलाही मी घालत नाही. १२० अंशांच्या वर तापवलं तर यातून नको ती क्लोरीनयुक्त द्रव्यं तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या बीएफआर या सरकारी संस्थेनं २०१९ मध्ये दिला होता. खिरीत घालते, तीही गॅस बंद केल्यावर.

साठवणीचा धडा उशिरा मिळाला. हाताशी असावी म्हणून ५ ग्रॅम एका छोट्या बाटलीत भरून गॅसशेजारच्या फडताळात ठेवली होती, मोठा डबा आतल्या खोलीत. गणपतीत दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. डब्यातली दुधासारखी पांढरी, बाटलीतली तपकिरीकडे झुकलेली, आमच्या कोरड्या सुंठीच्या पुडीसारखी. भाचा म्हणाला, मावशी, टाकून दे. उष्णतेनं ती फुटते, त्यातून किंचित आम्ल सुटतं आणि ते आम्ल उरलेलीला बिघडवतं. पावडर २५ अंशांच्या आत ठेवायची असते. हे डब्यावर कुठे आहे? मी कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं, 'थंड व कोरड्या जागी ठेवावे.' मे महिन्यात थंड आणि जुलैत कोरडी अशी जागा चिपळुणात कुठे असते ते त्यांनी येऊन दाखवावं. शेवटी फ्रीजमध्येच ठेवली, गच्च झाकणाच्या काचेच्या बरणीत, आत सिलिकाची पुडी. बाहेर काढली की तासभर तशीच बंद ठेवते. गार बरणी लगेच उघडली तर आत दंव धरतं.

बरणीवर मोठ्या अक्षरांत नाव चिकटवलंय. दिसायला ही सोड्यासारखी, मिठासारखी, आणि सासूबाईंना चष्म्याशिवाय फरक कळत नाही. चाखून ओळखायची तर मुळीच नाही.

खरं म्हणजे हा शोध चाखूनच लागला. १९७६, लंडनचं क्वीन एलिझाबेथ कॉलेज, शशिकांत फडणीस नावाचे संशोधक. लेस्ली हफ या प्राध्यापकांनी त्यांना पावडर 'टेस्ट' करायला, म्हणजे तपासायला, सांगितली, आणि त्यांना ऐकू आलं चाखायला. मराठीत लिहिलं की दोन्ही शब्द 'टेस्ट'च होतात, त्यामुळे मला फडणीसांची बाजू लगेच पटली. पण ते प्रयोगशाळेतलं नशीब होतं, ओट्यावर चालणार नाही.

पाच महिन्यांत १२ ग्रॅम वापरली, म्हणजे २४० पेले. ५ ग्रॅम फेकली, थोडी पापडांवर गेली, बाकी सगळी तशीच. एका घराला १०० ग्रॅम फार होतात. हीच पावडर २५ ग्रॅमच्या छोट्या काचेच्या बाटलीत, तपमान लिहून आणि तो चमचा न घालता विकली, तर पहिली ऑर्डर माझी.