स्वस्तातले पाठलागपट: पत्रा खरा असेल तर पैसे वसूल

गाड्यांच्या पाठलागाचा सिनेमा कमी पैशांत काढायचा म्हटलं की निर्मात्यापुढे दोनच रस्ते उरतात. एक तर जुन्या गाड्या विकत घ्यायच्या आणि खरोखर फोडायच्या, नाही तर उभ्या गाडीला हलवून, कॅमेरा थरथरवून आणि कॉम्प्युटरवर जाळ चिकटवून वेळ मारून न्यायची. पहिल्या रस्त्याने गेलेले सिनेमे पन्नास वर्षांनीही बघवतात. दुसऱ्या रस्त्याने गेलेल्यांचा दहाव्या मिनिटाला कंटाळा येतो. इथे तीन जुने सिनेमे घेतलेत आणि दुपारच्या टीव्हीवर लागणारा डब केलेला माल घेतलाय. सगळ्यांना माप एकच लावलंय: पडद्यावरच्या गाडीला वजन आहे असं वाटतं का?

स्टीव्हन स्पीलबर्गने १९७१ साली अमेरिकी टीव्हीसाठी केलेला ‘ड्युएल’ यातला सगळ्यात अस्सल. एक लाल प्लिमथ व्हॅलियंट, एक गंजका पीटरबिल्ट टँकर आणि लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडचे डोंगरातले रस्ते, एवढंच सामान. चित्रीकरण साधारण दोन आठवड्यांत उरकलं. मोटारवाल्याच्या मागे लागलेल्या ट्रकवाल्याचा चेहरा नीट दिसतच नाही, त्यामुळे एका नटाचा खर्च वाचला आणि भीती दुप्पट झाली.

नाशिककरांना यातला रेडिएटरचा होज पाइप लगेच कळेल. सुरुवातीला पंपावरचा माणूस सांगतो की होज बदलून घ्या. नायक ऐकत नाही. पुढे ऐन चढणीला, मागे ट्रक लागलेला असताना, तोच होज दगा देतो. आता इथलं यंत्रशास्त्र बघा. कूलिंगची लाइन बंद आणि दाबाखाली असते, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. होज फाटला की दाब गेला, दाब गेला की पाणी उकळलं, आणि पाणी वाफ होऊन गेलं की इंजिन तापून ताकद सोडतं. सिनेमात हे कोणी बोलून दाखवत नाही. वेगाचा काटा एकेक आकडा खाली येतो, बोनेटमधून वाफ निघते, आरशात ट्रक मोठा होत जातो. मे महिन्यात कसारा घाटाच्या वळणांवर बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांच्या पोटात इथे गोळा येतो. माथा कसाबसा गाठल्यावर नायक गाडी न्यूट्रलला टाकून उतारावर सोडतो. घाटात न्यूट्रल टाकू नये हे आपल्याकडे प्रत्येक ड्रायव्हरला पहिल्या दिवशी शिकवतात, कारण इंजिनचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. इथे त्याच्याकडे दुसरा उपायच नाही. एका रबराच्या नळीवर इतका ताण उभा करायला पैसे लागत नाहीत, गाडी कशी चालते ते माहीत असावं लागतं.

दोष आहेत. नायकाचे मनातले विचार आवाजातून ऐकवले आहेत, ते निम्मे काढले असते तर बरं झालं असतं. टीव्हीवरचा मूळ सिनेमा ७४ मिनिटांचा होता. थिएटरसाठी तो दीड तासापर्यंत वाढवला, तेव्हा शाळेच्या बसचा आणि रेल्वे फाटकाचा प्रसंग नव्याने घातला. फाटकाचा चालून जातो, बसचा ओढून आणलेला वाटतो. दहापैकी नऊ गुण.

वेग कसा दाखवतात ते कळलं तर असे सिनेमे बघायची मजा वाढते, म्हणून जरा सविस्तर. समृद्धीवर १२०ने जाताना गाडी तरंगत असल्यासारखी वाटते, आणि कसाऱ्यात ६०ला जीव मुठीत येतो. ६०च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. कातळ खिडकीपासून दोन मीटरवर असेल तर तो डोळ्यांपुढून सपकन जातो, तर लांबचं झाड रेंगाळत सरकतं. म्हणून हुशार दिग्दर्शक मोकळं माळरान सोडून कातळ, कठडा, झाडांची रांग शोधतो आणि कॅमेरा बंपरच्या उंचीवर रुंद भिंगाने लावतो. ‘ड्युएल’मधल्या ट्रकचा निम्मा वेग हा बाजूच्या डोंगराने दिलेला आहे. लांब पल्ल्याच्या भिंगाचं उलटं असतं: दोन गाड्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, पण समोरून येणारी गाडी जागेवरच पळतेय असं वाटतं. नवखे लोक पाठलागभर हेच भिंग वापरतात आणि मग वेग का दिसत नाही म्हणून खाली ढोल वाजवतात.

दुसरी युक्ती कॅमेरा सावकाश चालवायची. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी दाखवला जातो. टिपताना २० चित्रं टिपली तर ५०ची गाडी पडद्यावर ६०ला धावते. १८ टिपली तर ४५ची ६०ला. त्याच्या खाली गेलं की पितळ उघडं पडतं: रस्त्याकडेची माणसं तुरुतुरु चालतात, धुरळा फुर्रकन उडून बसतो, ड्रायव्हरची मान कोंबडीसारखी हलते. हाताने हँडल फिरवायच्या काळापासूनची ही युक्ती आहे. पांडवलेणीच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे, ते त्र्यंबकचे दादासाहेब फाळके त्याच हँडलच्या जमान्यातले. त्यामुळे युक्ती जुनी म्हणून तिला नावं ठेवायचं कारण नाही. किती वापरली एवढंच बघायचं.

एच. बी. हॅलिकीचा १९७४चा ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’ हा या प्रकारातला सगळ्यात दांडगा आणि सगळ्यात ओबडधोबड. नायक तोच, लेखक-दिग्दर्शक-निर्माता तोच, गाडी चालवणाराही तोच. खर्च दीड लाख डॉलरच्या आसपास सांगितला जातो, मोडलेल्या गाड्या ९३, आणि शेवटचा पाठलाग सलग ४० मिनिटांचा. २००० साली याच नावाचा मोठ्या पैशांचा सिनेमा आला, तो वेगळा. शोधताना गल्लत होते, साल बघून घ्या.

पहिला पाऊण तास खरं सांगायचं तर रद्दी आहे. संवाद मागाहून चिकटवलेत, कोण कोणाशी बोलतंय ते कळत नाही, गाड्या चोरायची यादी वाचून दाखवल्यासारखी कथा पुढे सरकते. पण त्या यादीतली पिवळी मस्टँग रस्त्यावर आली की सिनेमा बदलतो. तिच्याकडे नीट बघत राहा. आधी एक मडगार्ड चेपतं, मग दार, मग पुढचं तोंड, मग बोनेट वर येऊन फडफडायला लागतं. ४० मिनिटांत एक धडधाकट गाडी हळूहळू भंगार होताना दिसते, आणि प्रत्येक पोच्याचा हिशेब आपल्याला ठाऊक असतो. पैसेवाल्या सिनेमांनाही हे जमत नाही. ‘बुलिट’ (१९६८) इतका गाजला, पण त्यात तीच हिरवी बीटल मोटार पुन्हा पुन्हा मागे टाकली जाते आणि काळ्या डॉज चार्जर गाडीच्या चाकांच्या टोप्या चारापेक्षा जास्त वेळा निखळतात.

ही मस्टँग टिकली ती पत्र्याखालच्या कामामुळे. आत पाइपांचा पिंजरा, मागच्या चाकांना वेगवेगळे लॉक होणारे ब्रेक. मागचं एकच चाक धरलं की गाडी त्या बाजूला वळते आणि अरुंद जागेतही फिरवून घेता येते. शेवटच्या उडीत ती साधारण ३९ मीटर लांब आणि ९ मीटर उंच जाते. ती खाली आदळते ते दृश्य थांबवून बघा. आधी नाक टेकतं, शॉकअप तळाला बसतात, मग मागचा भाग धाडकन येतो. हॅलिकीच्या मणक्यांना या उडीत इजा झाली. त्याआधी एका ठिकाणी वेळ चुकून दुसरी गाडी मस्टँगला घासली आणि मस्टँग खांबावर गेली. तो खरा अपघात सिनेमात तसाच ठेवलाय. १९८९ साली याच्या पुढच्या भागाचं चित्रीकरण करताना कोसळलेला एक खांब अंगावर पडून हॅलिकी गेला. असल्या सिनेमाचं कौतुक करताना ही किंमत लपवून चालणार नाही. खरा पत्रा हवा, पण माणसाच्या जिवावर बेतणारी उडी आम्हाला नको, आणि आज पिंजरा, हार्नेस, मोकळा केलेला रस्ता असल्याशिवाय कोणी ती मारूही नये. पहिल्या पाऊण तासाला दहापैकी तीन, पाठलागाला दहापैकी दहा.

‘मॅड मॅक्स’ (१९७९) या दोघांपेक्षा जास्त सिनेमासारखा सिनेमा आहे. दिग्दर्शक जॉर्ज मिलर मूळचा डॉक्टर. साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये मेलबर्नच्या आसपासच्या सरळसोट रस्त्यांवर त्याने हा उभा केला. सुरुवातीच्या पाठलागात जिच्या चिंधड्या उडतात ती निळी व्हॅन मिलरची स्वतःची होती. एका दृश्यात कॅमेरामन मोटरसायकलवर चालवणाऱ्याच्या मागे बसलाय आणि त्याच्या खांद्यावरून वेगाचा काटा दिसतो. तो काटा, पुढचा रस्ता आणि वारा एकाच चौकटीत आहेत, म्हणून तिथे लबाडीला जागा नाही. त्याउलट शेवटाकडे एका मोटरसायकलवाल्याची ट्रकशी धडक होते, तिथे ट्रकच्या तोंडाला रंगवलेली पत्र्याची ढाल लावलीय. ती एकदा दिसली की पुन्हा डोळ्यांआड होत नाही. मधली वीस-पंचवीस मिनिटं रेंगाळतात. दहापैकी आठ.

आता दुपारच्या टीव्हीवरचा माल. त्यात पाठलाग म्हटला की स्कॉर्पिओ उडायलाच हवी. स्कॉर्पिओ नाशिकच्याच महिंद्राच्या कारखान्यात तयार होते, त्यामुळे ती कशी वागते हे इथल्या माणसाला शिकवायला नको. चासी जाडजूड, उंची जास्त, म्हणजे वजनाचा मध्य वरती. अशी गाडी जोरात वळवली तर आधी बाहेरच्या बाजूला कलते, मग आतली चाकं उचलतात, मग ती लोळते. जोरात ब्रेक मारला तर नाक खाली दबतं. पडद्यावर मात्र नायकाने नुसतं बघितलं तरी ती नाक न दाबता सरळ वर उचलली जाते, हवेत एका जागी गिरकी घेते आणि कापसासारखी खाली येते. म्हणजे क्रेन आणि तार. तार कॉम्प्युटरवर पुसली तरी लटकलेल्या गाडीची गिरकी लपत नाही. खरी लोळवायची तर गाडीच्या तळातून नळी बसवतात, तिच्यातून ओंडका दाबाने जमिनीवर मारतात आणि गाडी एका कडेने उचलली जाते. ती लोळताना काचा, चिखल, टोप्या आणि सुटी चाकं चारी दिशांना जातात. तारेच्या गाडीतून काहीच सांडत नाही. हे ओळखायला तेवढी एक खूण पुरे.

जाळाचं त्याहून वाईट. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच पेट घेते. बंद टाकीत ती त्याहून कितीतरी दाट असते, म्हणून गोळी लागली की टाकी फुटते हे खोटं. ‘ड्युएल’मध्ये शेवटी एवढा टँकर असूनही धडाका नाही, नुसता पत्र्याचा लांबलचक करकराट आहे, आणि तो जास्त अंगावर येतो. स्वस्त सिनेमात कॉम्प्युटरचा जाळ असतो आणि त्याचा उजेड शेजारच्या माणसाच्या तोंडावरही पडत नाही. एवढा एकच दोष सुधारायचा तर एक नारिंगी दिवा पुरला असता.

आवाजाकडे तर कोणी बघतच नाही. मुरमाच्या रस्त्यावर टायर किंचाळत नाही. रबर डांबरावर किंवा सिमेंटवर घसरलं तरच किंचाळतं, मुरमावर नुसती खडी उडते आणि फुफाटा होतो. तरी शेताच्या बांधावरून पळणाऱ्या बोलेरोला तीच किंचाळी चिकटवलेली असते. पाच गिअरच्या गाडीत नऊ वेळा गिअर चढतो, डिझेल गाडीला रेसच्या पेट्रोल इंजिनचा आवाज. नकाशाचाही पत्ता नसतो. पुढची गाडी डावीकडून उजवीकडे जाते, मागची उजवीकडून डावीकडे येते, मग दोघी समोरासमोर आदळणार असं वाटतं. कारण रस्ता एकच मिळालेला असतो आणि त्यावरच जाऊन-येऊन चित्रीकरण केलेलं असतं. तोच ढाबा तिसऱ्यांदा मागे पडला की समजायचं. एका रस्त्यावरही नीट करता येतं, ‘ड्युएल’ समोर आहे. फक्त कोण पुढे, किती अंतर आणि गाडी कुठल्या बाजूला चाललीय, एवढं दर दृश्यात कळलं पाहिजे. या मालाला सरसकट दहापैकी तीन, त्यातही एखादी खरी लोळण सापडली तर पाच.

बघायचे असतील तर टीव्हीची एक सेटिंग आधी बंद करा. हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय जवळजवळ सगळ्या नव्या टीव्हींत असतो आणि अनेकदा आधीपासून चालूच असतो. तो मधली चित्रं स्वतः बनवून घालतो, आणि मिलरने मुद्दाम कमी चित्रांवर टिपलेला पाठलाग मालिकेसारखा सपाट दिसायला लागतो. टीव्हीच्या स्पीकरमधून इंजिनचा खर्ज येत नाही, साधा हेडफोन लावला तरी गिअर पडलेला कळतो. ‘ड्युएल’ची ७४ मिनिटांची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’ सरळ मधल्यापासून लावला तरी काही बिघडत नाही. ‘मॅड मॅक्स’ मात्र अमेरिकी आवाजात घेऊ नका, पहिल्यांदा तो अमेरिकेत गेला तेव्हा ऑस्ट्रेलियन नटांचे आवाज काढून दुसरे बसवले होते. यादीत मूळ ऑस्ट्रेलियन आवाजाचा पर्याय आहे का ते तपासून मगच भाड्याचे पैसे भरा.