माझदाची रोडस्टर पुनर्बांधणी सेवा: पूर्ण पॅकेज कोणासाठी, सुटे भाग कोणासाठी

जपानमध्ये जुनी गाडी सांभाळणाऱ्याला सरकारकडून शाबासकी मिळत नाही. पेट्रोलवर चालणारी गाडी तेरा वर्षांपेक्षा जुनी झाली की तिचा वार्षिक कर साधारण १५ टक्क्यांनी वाढतो, आणि ‘शाकेन’ ही सक्तीची तपासणी तिला दर दोन वर्षांनी पार करावी लागते. अशा वातावरणात गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच ती पुन्हा नव्यासारखी करून देण्याची जबाबदारी घ्यावी, ही लहान गोष्ट नव्हे. हिरोशिमाच्या माझदा कंपनीने पहिल्या पिढीच्या रोडस्टर या दोन आसनांच्या उघड्या गाडीसाठी डिसेंबर २०१७ मध्ये अशी सेवा सुरू केली. मी जपानमध्ये याच पिढीची १.६ लिटर इंजिनाची गाडी वापरतो. तिचे पत्राकाम मी एका खासगी गॅरेजमध्ये करून घेतले आणि या सेवेच्या निमित्ताने पुन्हा उत्पादनात आलेले काही सुटे भाग तिला बसवले. त्यामुळे पुढील परीक्षणात भागांबद्दलचे मत वापरातून आलेले आहे, तर पूर्ण पॅकेजबद्दलचे मत त्याच्या जाहीर अटी आणि दरांवरून बनवलेले आहे.

माझदा म्हटले की आपल्याकडे स्वराज माझदाची मिनीबसच आठवते. रोडस्टर भारतात अधिकृतपणे कधी विकली गेलीच नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली गेली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ‘यूनोस रोडस्टर’ या नावाने जपानमध्ये विक्रीला आली. वजन ९४० किलो, ताकद १२० अश्वशक्ती आणि सुरुवातीची किंमत १७ लाख येन. आकडे साधे असले तरी गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारी ॲल्युमिनियमची जाळीदार चौकट, मागच्या चाकांना मिळणारी ओढ आणि पुढे-मागे जवळजवळ समसमान वाटलेले वजन यांमुळे गाडी ज्या तत्परतेने वळते, ते आजच्या दीड टनी गाड्यांमध्ये सापडत नाही. अमेरिकेत ती ‘मियाटा’ या नावाने भरपूर खपली, हे जुन्या गाडीच्या मालकाचे भाग्यच म्हणायचे, कारण इंजिनाचे आणि सस्पेन्शनचे पर्यायी भाग त्यामुळे आजही सहज मिळतात.

सेवेची रचना अशी आहे की मालकाने अर्ज करायचा, कंपनीने त्याच्याशी बोलून त्याला नेमके काय हवे आहे ते समजून घ्यायचे, गाडी तपासायची आणि मगच काम स्वीकारायचे. मूळ कामात पत्रा आणि रंग येतो. त्यावर अंतर्भाग, इंजिन, सस्पेन्शन-ब्रेक आणि चाके-टायर यांची कामे हवी तशी जोडून घेता येतात. जुन्या गाड्यांची कामे करणाऱ्या गॅरेजांना टीयूव्ही राइनलँड जपान ही तपासणी संस्था जे प्रमाणपत्र देते, तेही कंपनीने घेतले आहे. सेवा सुरू झाली तेव्हा मूळ कामाचा दर सुमारे २५ लाख येन आणि सगळी कामे मिळून सुमारे ४८.५ लाख येन असा जाहीर झाला होता. म्हणजे जी गाडी नवी असताना १७ लाखांना मिळत होती, ती पुन्हा नवी करायला जवळजवळ तिप्पट खर्च. तरीही हा दर मला अवाजवी वाटत नाही. संपूर्ण गाडी सुटी करणे, पत्रा उघडा करून रंगवणे आणि प्रत्येक रबर, क्लिप, नट जागच्या जागी परत बसवणे यात कुशल कारागिरांचे जे तास जातात, त्यांचा हिशेब कुठल्याही प्रामाणिक गॅरेजमध्ये केला तरी रक्कम फार खाली येत नाही.

माझा आक्षेप दरापेक्षा पात्रतेच्या अटींवर आहे. सेवा १.६ लिटरच्या गाडीपासून सुरू झाली; मोठा अपघात झालेली किंवा फार गंजलेली गाडी त्यात बसत नाही. कंपनीच्या बाजूने हे समजण्यासारखे आहे, परंतु या गाडीचा खरा आजार गंज हाच आहे. कापडी टपावरून वाहणारे पाणी आसनांच्या मागे एका पन्हाळीत जमते आणि दोन्ही बाजूंच्या बारीक नळ्यांतून खाली निघून जाते. पानांचा चुरा आणि धूळ यांनी या नळ्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत उतरते आणि मागच्या चाकाच्या पुढचा पत्रा आतून खात सुटते. बाहेरून रंगाला आलेला लहानसा फोड दिसतो, तेव्हा आतला पत्रा बहुधा गेलेला असतो, आणि घाईच्या कारागिराने त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की पुढच्या मालकाला काही कळतही नाही. अशी गाडी शेवटी खासगी गॅरेजकडेच जाते. निरोगी गाडीला नवी करणारी ही सेवा आजारी गाडीला दारातूनच परत पाठवते, असे म्हणणे थोडे कडवट असले तरी खोटे नाही.

सुट्या भागांबाबत मात्र मला मोकळेपणाने कौतुक करावेसे वाटते, कारण त्यांचा लाभ कंपनीच्या कार्यशाळेत कधीच न जाणाऱ्या मालकांनाही होतो. मूळ पद्धतीचा व्हिनाइलचा टप पुन्हा मिळू लागला, आणि त्याची मागची खिडकी पूर्वीसारखीच चेन लावलेल्या मऊ प्लॅस्टिकची आहे. टप खाली घेण्यापूर्वी ही चेन उघडून खिडकी सपाट पाडावी लागते. थंडीत हे न करता टप दुमडला तर प्लॅस्टिकला चीर जाते. काचेची खिडकी असलेले टप इतरत्र मिळतात आणि रोजच्या वापराला तेच सोयीचे आहेत, हे मान्य करायला हवे. तरीही गाडीचा मागून दिसणारा मूळ आकार हवा असेल, तर व्हिनाइलला पर्याय नाही.

नार्डी या इटालियन कंपनीचे लाकडी स्टिअरिंग आणि गिअरची मूठ हाताला सुरेख लागतात, पण ती चैन आहे. टायरची गोष्ट वेगळी. ब्रिजस्टोनने या गाडीसाठी एसएफ३२५ हा टायर १८५/६० आर१४ या जुन्याच मापात पुन्हा बनवला. आजच्या टायरइतकी पकड त्यात ठेवलेलीच नाही. त्यामुळे वळणावर गाडी कधी सरकू लागणार हे कमी वेगातच आणि पुरेसे आधी कळते, स्टिअरिंग हलके होते आणि सस्पेन्शनची मूळ जुळणी ध्यानात येते. रुंद टायर घालून वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांनी एकदा तरी हा फरक अनुभवावा.

होंडाने आपल्या एनएसएक्स या स्पोर्ट्स कारसाठी १९९३ मध्येच अशी नूतनीकरणाची सेवा सुरू केली होती. निसानने स्कायलाइन जीटी-आर आर३२ चे, तर टोयोटाने २०००जीटी आणि सुप्राचे भाग पुन्हा बनवायला घेतले. या बहुतेक गाड्या मुळातच महाग किंवा आता महाग झालेल्या. माझदाने मात्र साध्या पगारदाराला परवडलेल्या गाडीसाठी तोच खटाटोप केला, म्हणून माझ्या लेखी तिचे पारडे जड आहे.

ज्याने गाडी नवी घेतली, जपून वापरली आणि जो ती पुढच्या पिढीच्या हाती देणार आहे, त्याने पूर्ण पॅकेजचा विचार जरूर करावा. इतरांनी विश्वासू गॅरेजमध्ये पत्राकाम उरकून कंपनीचे भाग एकेक करून घ्यावेत, आणि त्यातही आधी टप व रबरे, मग टायर. गाडी अगदी सुरुवातीच्या वर्षांतली असेल तर त्याहीआधी इंजिन चालू ठेवून क्रँकची पुली नीट पाहून घ्यावी, कारण त्या काळच्या आखूड टोकाच्या क्रँकमध्ये पुलीला जागेवर धरणाऱ्या धातूच्या लहान चावीची खाच झिजण्याचा दोष आहे. पुली डगमगत असेल, तर नार्डीचे स्टिअरिंग आणखी वर्षभर थांबू शकते.