फ्रीआरटीओएस: शेड्युलर भरवशाचा, डेडलाइनचा हिशेब मात्र तुमचा

एकाच कोअरचा मायक्रोकंट्रोलर, मोजकी रॅम आणि मोटर, सेन्सर, मार्ग आखणी हे सगळं वेळेत सांभाळणारा रोबो बनवायचा असेल, तर फ्रीआरटीओएस ही छोट्या चिपसाठीची रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम खुशाल घ्या. एमआयटी परवाना आहे, कर्नल, म्हणजे तिचा गाभा, काही केबींत मावतो. फक्त कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या तिच्या शेड्युलरला डेडलाइन नावाची गोष्ट ठाऊकच नाही. चालायला तयार असलेल्या टास्कांपैकी (म्हणजे कामांपैकी) सर्वांत वरच्या प्रायॉरिटीचं चालवायचं, एवढंच तो जाणतो.

समजा, मोटर कंट्रोलला दर 5 मिलिसेकंदांनी सीपीयूचा 1 मिलिसेकंद लागतो, सेन्सरला दर 12 ला 3, मार्ग आखणीला दर 50 ला 15. सीपीयू 75 टक्के भरला. ज्याची पाळी लवकर येते त्याला वरची प्रायॉरिटी दिली, तर तीन टास्कांची सुरक्षित मर्यादा (जिच्या आत डेडलाइन चुकणार नाही याची गणिती हमी असते) 78 टक्के, निभावतं. त्यात दर 80 ला 6 घेणारी टेलिमेट्री (रोबोची माहिती बाहेर पाठवणारं टास्क) आली की वापर 82.5 वर जातो आणि चौघांची मर्यादा 75.7 वर उतरते. लगेच महागडी चिप मागवू नका. मर्यादा ओलांडली म्हणजे डेडलाइन चुकणारच असं नव्हे. सगळी टास्कं एकदम जागी झाली, तर टेलिमेट्री संपेपर्यंत मोटर 9 वेळा, सेन्सर 4 वेळा, मार्ग एकदा मध्ये येतो: 9 + 12 + 15 + 6 = 42. ऐंशीच्या बरंच आत. मात्र आकडे सरासरीचे नकोत, सर्वांत वाईट वेळेचे हवेत.

नेहमीची चूक म्हणजे ठरावीक वेळाने चालणाऱ्या टास्कात साधा टास्क-डिले वापरणं. तो काम संपल्यापासून मोजतो, त्यामुळे 5 चे 6 होतात. तिथे डिले-अनटिल हवा. टिक, म्हणजे कर्नलच्या घड्याळाचा ठोका, 100 हर्ट्झवर असेल तर 5 मिलिसेकंदांचे टिक शून्य होतात: साधा डिले थांबतच नाही आणि खालची टास्कं उपाशी मरतात. टिक 1000 वर ठेवा.

अनेक टास्कं वापरतात त्या सामायिक बसला (चिपमधून डेटा नेणाऱ्या वाटेला) एका वेळी एकच टास्क धरू शकेल असं कुलूप लागतं; त्यासाठी बायनरी सेमाफोर नको, म्युटेक्स घ्या. प्रायॉरिटी इनहेरिटन्स, म्हणजे कुलूप धरून बसलेल्या टास्काला ताटकळणाऱ्याची वरची प्रायॉरिटी तात्पुरती देणं, फक्त त्यातच आहे. नाहीतर लॉगिंगने बस धरलेली, मार्ग आखणी मध्ये घुसलेली आणि मोटर कंट्रोल ताटकळत, असा प्रकार होतो. 1997 मध्ये नासाचं मंगळावरचं यान मार्स पाथफाइंडर वारंवार रीसेट होत होतं ते याच दुखण्याने, तिथली ओएस वेगळी असली तरी.

कॉर्टेक्स-एम या प्रोसेसरच्या चिपवर इंटरप्टचा (हार्डवेअरने चालू काम थांबवून दिलेल्या हाकेचा) प्रायॉरिटी आकडा लहान तेवढी प्रायॉरिटी वरची, टास्कांचं नेमकं उलट. हा घोळ डॉक्युमेंटेशनमध्ये नीट समजावलाय, तरी लोक अडकतातच. कॉन्फिग-असर्ट ही कर्नलची आतली तपासणी चालू ठेवा, अशी चूक बहुधा लवकर सापडते. टास्काचा स्टॅक, म्हणजे त्याची कामापुरती मेमरी, आतापर्यंत कमीत कमी किती उरला ते हाय-वॉटर-मार्क सांगतो, पण वर्ड या मोठ्या एककात, बाइटमध्ये नाही.