जुन्या साच्यातील हॉकर हंटर: १/७२ प्रमाणातील एक किट

सिडनी कॅम यांनी आरेखित केलेल्या हॉकर हंटर या जेट लढाऊ विमानाने २० जुलै १९५१ रोजी पहिले उड्डाण केले. त्याचे १/७२ प्रमाणातील, बऱ्याच जुन्या साच्यातून निघालेले प्लॅस्टिकचे किट नुकतेच जोडून पूर्ण केले. किटची मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचा आकार. मागे झुकलेले पंख, पंखांच्या मुळाशी असलेली हवा ओढणारी त्रिकोणी तोंडे आणि नाकाखालचे दोन फुगवटे, म्हणजे तोफांच्या काडतुसांच्या पट्ट्यातील सुट्या झालेल्या कड्या साठवण्याची जागा, हे सारे पाहताक्षणी हंटर ओळखता येईल इतके नेमके उतरले आहे.

बारकाव्यांच्या बाबतीत मात्र साच्याचे वय लपत नाही. कॉकपिटमध्ये एक ओबडधोबड आसन आहे, बाकी काही नाही. पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या रेषा कोरलेल्या नसून उठावदार आहेत. भिंगाखाली मला एक रेषा साधारण ०.२ मिलिमीटर रुंद भरली. खऱ्या विमानावर तिची रुंदी १४ मिलिमीटरांहून अधिक झाली असती! तरीही त्या सगळ्या घासून नव्याने कोराव्यात, असे मला वाटत नाही. बारीक पॉलिश पेपरने त्यांची उंची थोडी कमी केली, तर रंगाच्या थराखाली त्या पुरेशा सौम्य दिसतात आणि मूळ साच्याचे रूपही टिकते.

खरी परीक्षा पंख आणि धड यांच्या सांध्यावर होते. तिथे फट राहते, आणि ती थेट पुट्टीने भरली तर पुट्टी सुकताना आकसून खाच पुन्हा दिसू लागते. म्हणून आधी पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून चिकटवावी, ती पूर्ण वाळल्यावर सपाट करावी आणि उरलेल्या खळग्यापुरतीच पुट्टी वापरावी. या एका सांध्याला मला तीन संध्याकाळी लागल्या आणि त्या सत्कारणी लागल्या, कारण पंख धडातून वाहत बाहेर आल्यासारखे दिसणे हेच हंटरचे सौंदर्य आहे. धडाचे दोन भाग जोडण्यापूर्वी नाकात वजन भरायला विसरू नये, अन्यथा मॉडेल शेपटीवर बसते.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हे, पिवळे पडले होते. काचेच्या खिडकीला आतून चिकटवून काही दिवस ऊन दिल्यावर पिवळेपणा बराच उतरला, परंतु चाचणीसाठी पाण्यात सोडलेल्या पहिल्याच आकड्याचे तुकडे झाले. डिकलच्या उरलेल्या कागदावर पारदर्शक लॅकरचा थर दिल्यानंतर प्रत्येक चिन्ह कडेलगत कापून लावावे लागले, कारण त्या थराने सगळी चिन्हे एकाच पापुद्र्यात बांधली जातात.

पहिलेच मॉडेल करणाऱ्याने हे किट घेऊ नये. दोन-चार मॉडेल हाताखालून गेलेल्या व्यक्तीला मी ते जरूर सुचवेन, मात्र डिकलचा नवा संच सोबतच घ्यावा.