क्योटोत उमेचा बहर: कितानो, जोनांगू की ग्योएन?

साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या, दिवसांतले क्योटोच्या हॉटेलांचे दर पाहून तुम्ही जपानची सहल फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला ठरवली असेल, तर हळहळू नका. तेव्हा उमे, म्हणजे जपानी प्लम, फुललेला असतो. साकुराला वास जवळजवळ नसतोच. उमेला असतो, आणि त्याचा बहर टिकतोही जास्त. प्रश्न एवढाच, की हाताशी एकच सकाळ असेल तर ती कुठे घालवायची?

तारखा पक्क्या आणि बहर बेभरवशाचा, अशा परिस्थितीत मी कितानो तेनमांगू हे देऊळच सुचवेन. इथे सुमारे ५० जातींची १,५०० झाडं आहेत. काही लवकर फुलतात, काही उशिरा. त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यापासून महिनाभर कधीही गेलात, तरी पांढरं, गुलाबी नाहीतर लालभडक काहीतरी फुललेलं सापडतंच. आवारात मोफत फिरता येतं, तिथेही झाडं भरपूर आहेत. खास उमे-बागेत जायला हजार-बाराशे येन पडतात, पण त्यात चहा आणि छोटीशी मिठाई येते.

शिवाय इथे झाडांना गोष्ट आहे. इथले देव मुळात माणूस: सुगावारा नो मिचिझाने, हेइआन काळातले विद्वान आणि मंत्री. दरबारी कारस्थानातून ९०१ साली त्यांची रवानगी दूर दाझाइफूला झाली आणि ९०३ मध्ये तिथेच ते गेले. मग राजवाड्यावर वीज कोसळली, बडे लोक दगावले, आणि हा मिचिझानेंचाच कोप असं लोकांनी ठरवलं. त्यांच्या शांतीसाठी ९४७ साली हे देऊळ उभं राहिलं. त्यांचं लाडकं उमेचं झाड त्यांच्यामागे एका रात्रीत दाझाइफूला उडत गेलं, अशी आख्यायिका आहे. आज ते विद्येचे देव आहेत. फेब्रुवारी हा तिकडे प्रवेश परीक्षांचा महिना, त्यामुळे लाकडी पाट्यांवर नवस लिहिणारी आणि बैलाच्या मूर्तीवरून हात फिरवणारी मुलं जागोजाग दिसतात. घरात बारावीचं पोर असलेल्यांना हे काही नवीन नाही.

२५ फेब्रुवारी ही मिचिझानेंची पुण्यतिथी. त्या दिवशी शेजारच्या कामिशिचिकेन वस्तीतल्या गेइको (क्योटोतल्या गेइशा) आणि माइको (शिकाऊ गेइशा) उघड्यावर चहा देतात. शिवाय दर महिन्याच्या २५ तारखेचा जुन्यापान्या वस्तूंचा बाजारही भरलेला असतो. गर्दीची हौस असेल तर हाच दिवस साधा, नसेल तर नेमका हाच टाळा.

जोनांगू या देवळाचं सगळंच वेगळं. शहराच्या दक्षिणेला, हायवेजवळ, बाहेरून अजिबात मोहात न पाडणारी जागा. आत मात्र जमिनीकडे झुकलेल्या फांद्यांची सुमारे १५० झाडं आहेत. फुलली की गुलाबी पडदे सोडल्यासारखी दिसतात. खाली शेवाळ, आणि त्यावर पडलेली लाल कामेलियाची फुलं. कामेलियाच्या पाकळ्या सुट्या गळत नाहीत, अख्खं फूलच खाली येतं. हे दृश्य कितानोत नाही. फोटोसाठीच जायचं असेल तर मी कितानो सोडून इथे जाईन. पण इथे सगळी मदार एकाच प्रकारच्या झाडांवर आहे. भर बहराचे दिवस थोडे आणि दरवर्षी मागेपुढे होणारे. आठवडा चुकला तर हजारेक येन देऊन काड्या बघाल. निघण्याआधी देवळाच्या वेबसाइटवर बहराची ताजी स्थिती नक्की पाहा. ताकेदा स्टेशनपासून पंधराएक मिनिटं चालावं लागतं.

तिसरा पर्याय क्योटो ग्योएन, जुन्या शाही राजवाड्याभोवतीचं उद्यान. नैऋत्येच्या बाजूला सुमारे २०० उमे, तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही, डबा उघडून बसायला जागा. वाटा सपाट असल्या तरी त्यांवर जाड खडी आहे, व्हीलचेअर ढकलताना दम निघतो. फक्त यासाठी सकाळ राखून ठेवू नये. पण जोनांगू निवडलंत तर हे आपोआप जमतं: ताकेदाहून कारासुमा मेट्रो पकडायची, मारुतामाचीला उतरायचं आणि दुपार इथे काढायची.