बोरा बाजारातून घेतलेला कॅमेरा, नऊ महिन्यांनंतर

दसऱ्याच्या आठवड्यात कॅनन ईओएस आर१० घेतला, आता जुलै चालू आहे. मधल्या काळात भांडुप पंपिंग स्टेशन, शिवडीची जेट्टी आणि ऐरोलीची खाडी मिळून पक्ष्यांचे साडेअकरा हजार फोटो काढून झाले. घेताना ज्या हजार-दीड हजारासाठी मी दोन शनिवार फोर्टात पायपीट केली, तो फरक आता आठवतही नाही. पैसे वाचले ते दुसरीकडेच, आणि गेले तेही दुसरीकडे. आत्ता खरेदीला निघणाऱ्याला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

घरात दादाचा कॅननचाच ७००डी होता, २०१३ सालचं मॉडेल. सोबत ५५-२५० आणि ५० मिमी एफ/१.८ अशा दोन लेन्स. दादा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि बॅग कपाटात दोन पावसाळे तशीच राहिली. मी पक्ष्यांच्या नादाला लागले तेव्हा ती बाहेर काढली. ५५-२५० उजेडासमोर धरली तर आतल्या काचेच्या कडेने कोळ्याचं जाळं विणल्यासारखी पांढरी बुरशी पसरलेली. ५० मिमी मात्र लख्ख होती, आणि पुढे तिनेच माझा मोठा खर्च वाचवला.

सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात शिरलं की कॅमेऱ्यांची दुकानं एकापुढे एक लागतात. मी तीन ठिकाणी भाव काढला. पक्क्या बिलाच्या भावात जास्तीत जास्त अडीच हजारांचा फरक निघाला. चौथ्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने भाव सांगायच्या आधीच विचारलं, "ताई, बिल हवंय की नको?" बिल नको असेल तर सात हजार कमी. क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण डबा हातात घेऊन बघितला तर त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेलं स्टिकर कुठेच नव्हतं. भारतात रीतसर आलेल्या मालावर ते असावंच लागतं. ते नाही म्हणजे माल बाहेरून परस्पर आलेला, आणि उद्या काही बिघडलं तर इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटीचा आधार नाही. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे (२०१९च्या जानेवारीपर्यंत तो २८ टक्के होता), तेव्हा बिनबिलाचा माल स्वस्त कसा पडतो हे कळायला गणित लागत नाही. मी तिथून उठले. ज्या दुकानात शेवटी घेतला तिथे डबा, बॉडी आणि वॉरंटी कार्ड या तिन्हींवरचा सीरियल नंबर जुळवून पाहिला आणि तोच बिलावर लिहून घेतला. दुकानदार काकांनी न कुरकुरता सगळं करू दिलं, दोन माणसं मागे ताटकळत असताना.

हप्त्यांबद्दल एवढंच सांगते की 'नो कॉस्ट ईएमआय' अगदी फुकट नसतो. क्रेडिट कार्डावर व्याजाच्या रकमेवरचा जीएसटी आपल्याला भरावा लागतो आणि बहुतेक बँका प्रोसेसिंग फी वेगळी लावतात. मी रोख भावाशी तुलना केली आणि मगच हप्ते घेतले.

सगळ्यात जास्त पैसे कुठे वाचले, तर किट न घेण्यात. सगळे किट, म्हणजे बॉडीसोबतच १८-१५० लेन्स घ्या म्हणत होते. लेन्स चांगली आहे, प्रवासाला आणि घरच्या समारंभांना एकटी पुरेल. पण मला पक्षी टिपायचे होते आणि तिथे १५० मिमीने भागत नाही. मी नुसती बॉडी घेतली आणि सोबत ईएफ-ईओएस आर अडॅप्टर, म्हणजे कॅननच्या जुन्या लेन्स नव्या बॉडीवर बसवायचा जोड. या अडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे चित्राच्या दर्जात फरक पडत नाही आणि जुन्या ईएफ, ईएफ-एस लेन्स ऑटोफोकससकट चालतात. दादाची ५० मिमी त्यावर बसवली आणि गणपतीत काढायचे राहिलेले घरच्यांचे फोटो दिवाळीत काढले. आईचा रांगोळी घालतानाचा फोटो तर फ्रेम करून भिंतीवर लावलाय. बॅटरी मात्र जुनी चालत नाही. ७००डीला एलपी-ई८ लागते आणि आर१०ला एलपी-ई१७. ज्यांच्या घरी जुना कॅमेरा आहे त्यांनी आपल्या लेन्सचा माउंट (कॅमेऱ्याला जोडायची खाच) कोणता आणि तो कशावर चालतो, हे दुकानात जायच्या आधी शोधून ठेवा. दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स घ्यायच्या असतील तर सिग्मा आणि टॅमरॉनने आर१०च्या आरएफ माउंटसाठी ऑटोफोकसच्या लेन्स २०२४च्या एप्रिलमध्ये जाहीर केल्या, तोपर्यंत हा पर्याय जवळजवळ नव्हताच. म्हणून त्याआधीचे जुने सल्ले वाचताना तारीख बघा.

पैसे गेले ते मेमरी कार्डात. कॅमेऱ्यासोबत मिळालेलं छोटं कार्ड पुरेना म्हणून एका ठिकाणाहून १२८ जीबीचं स्वस्तात उचललं. तिसऱ्याच रविवारी भांडुपला शेकाट्यांचा अख्खा थवा उडाला, मी बोट दाबून धरलं, आणि घरी आल्यावर निम्म्या फायली उघडेनात. एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्रामने कार्ड काठोकाठ भरून तपासलं तेव्हा कळलं, प्रत्यक्षात जागा ३२ जीबीचीच होती. ते फोटो परत मिळाले नाहीत. आता कार्ड कुठूनही घेतलं तरी आधी पूर्ण भरून तपासते, मगच बाहेर नेते.

मोठी लेन्स घ्यायची घाई केली नाही, हे बरं झालं. आधी एका शनिवार-रविवारसाठी १५०-६०० भाड्याने आणली. चित्र सुरेख, पण वजन दोन किलोच्या घरात. मुलुंडहून कुर्ला, तिथे हार्बरला बदलून शिवडी, आणि गर्दीत बॅग पोटाशी धरून उभं राहायचं. संध्याकाळी हात वर उचलवेना. पुढच्या खेपेस आरएफ १००-४०० भाड्याने आणली, ६३५ ग्रॅमची, आणि दिवसभर खांद्यावर आहे की नाही हेही जाणवलं नाही. दोन खेपांच्या भाड्यात निर्णय झाला.

तीच लेन्स फेब्रुवारीत वापरलेली विकत घेतली, दादर स्टेशनबाहेर एका फोटोग्राफरकडून, नव्याच्या साधारण दोन तृतीयांश किमतीत. मूळ बिल त्याच्याकडे होतं. मी घरून टॉर्च नेला होता. लेन्सच्या एका टोकातून उजेड टाकून दुसऱ्या टोकाने तिरकं पाहिलं की बुरशी, धूळ, ओरखडा काही लपत नाही. मग झूम पुढेमागे फिरवून रेतीचा आवाज येतो का ते ऐकलं, माझ्या बॉडीवर लावून समोरच्या इमारतीच्या खिडक्यांवर चारही कोपऱ्यांत फोकस तपासला, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर चालू-बंद करून पाहिला. वीस मिनिटं लागली. त्या फोटोग्राफरने स्वतःहून सांगितलं की हूड लेन्ससोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि स्वतःचा हूड देऊनही टाकला.

आता वापराबद्दल. आर१०चा सेन्सर लहान असल्याने क्रॉप १.६ आहे, म्हणजे ४०० मिमीची चौकट ६४० मिमीसारखी दिसते. पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस तिथेच धरून ठेवतो, आणि खारफुटीच्या फांद्यांआडचा खंड्याही नऊ-दहा वेळा तरी नेमका पकडून दिलाय. मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फ्रेम मिळतात. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, कार्डाची जागा एकच आहे, हे घेण्याआधी माहीत असू द्या. ही लेन्स ४०० मिमीला एफ/८ आहे, म्हणजे उजेड कमी आत येतो, म्हणून सकाळी साडेसहाच्या उजेडात उडता पक्षी गोठवायला १/१६०० चा वेग ठेवला की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० च्या पुढे जातो. दाणे दिसतात. सूर्य हातभर वर आला की तीच जोडी अप्रतिम चालते.

शिवडीला जायचं तर भरतीचं वेळापत्रक बघूनच निघा. पाणी चढायला लागलं की रोहित पक्षी किनाऱ्याकडे सरकतात. एप्रिलमधल्या एका सकाळी मागे अटल सेतू, पुढे चिखलात माना घालून सरकणारी गुलाबी रांग, आणि मधूनच एकाने पंख उघडले तेव्हा आतला लाल-काळा रंग दिसला. त्या एका चौकटीसाठी सगळा खर्च मला मान्य आहे.

पावसाळ्यात कॅमेरा आता कपाटात ठेवत नाही. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आणि सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा, त्याहून फार कोरडंही नको. जेलचे निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते स्वयंपाकघरात तापवणं बरं नाही. केशरी दाणे मिळतात, ओल धरली की हिरवट पडतात. कालच ते बदलले. दादाची बुरशी लागलेली लेन्सही फोर्टातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे उघडून साफ करायला दिली आहे. कोटिंग किती खाल्लं गेलंय ते काच बाहेर काढल्यावरच सांगतो म्हणाला, शुक्रवारी आणायला जायचंय.