जुनं टॉप-ब्रेक .३२ रिव्हॉल्व्हर: हत्यार चांगलं, पण काडतूस बघून

वारशानं आलेलं वेब्ली अँड स्कॉटचं .३२ असो, नाहीतर त्याच घडणीवर कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेलं सरकारी .३२ असो, दोन्हींची रचना एकच. वरचा लॅच दाबला की नळी बिजागरीवर पुढं मोडते आणि सिलिंडरमधल्या सगळ्या पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. नीट ठेवलेलं असेल तर साध्या .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग काडतुसावर हे हत्यार आजही भरवशाचं आहे. चापाची ओढ डबल ॲक्शनला, म्हणजे घोडा न ओढता थेट चाप दाबला तर, जड आहे, पण घोडा आधी ओढून घेतला तर नेम छान लागतो. याहून जोरदार काडतूस मात्र त्यात घालू नये. जास्त दाबाच्या काडतुसासाठी आम्ही या रिव्हॉल्व्हरला सरळ नापास करतो. कारणं सविस्तर सांगायला हवीत, कारण कोल्हापूर, कागल, पन्हाळ्याच्या बाजूला ‘याहून जोरदार काडतूस चालेल का’ असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा ‘बसतंय तर उडतंय’ असं मिळतं. ते घातक आहे.

घोळ नावापासूनच सुरू होतो. सगळे ‘पॉइंट ३२’ म्हणतात, पण त्या नावाखाली वेगवेगळी काडतुसं येतात. या रिव्हॉल्व्हरचं खरं काडतूस १८९६ सालचं. पुंगळी २३.४ मिमी लांब, ‘सामी’ या अमेरिकन शस्त्र-काडतूस उत्पादकांच्या संघटनेच्या मानकानुसार दाबाची कमाल मर्यादा १५,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला १५,००० पौंड. खडकीच्या कारखान्याचं, बुडाला ‘केएफ’ छाप असलेलं .३२ लाँग याच जातीचं. याच व्यासाचं पण लांब पुंगळीचं .३२ एच अँड आर मॅग्नम १९८४ मध्ये आलं, त्याची पुंगळी २७.३ मिमी. त्यानंतरचं .३२७ फेडरल मॅग्नम ३०.५ मिमीचं आणि त्याचा दाब ४५,००० पीएसआय, म्हणजे थेट तिप्पट. पुंगळ्या मुद्दाम लांब ठेवल्या, त्या जुन्या सिलिंडरच्या घरात (काडतूस बसतं त्या भोकात) जाऊ नयेत म्हणून. घराच्या पुढच्या टोकाला पायरी असते, तिथं लांब पुंगळी अडते. काही जुन्या, विशेषतः स्वस्त रिव्हॉल्व्हरांत मात्र घर आरपार सरळ बोअर केलेलं असतं, पायरीच नसते. तिथं मॅग्नमही गुपचूप आत जाऊ शकतं.

आपल्याकडे मॅग्नम क्वचितच दिसतं. खरी भीती पिस्तुलाच्या .३२ ची, म्हणजे .३२ एसीपीची. अशनी या भारतीय बनावटीच्या पिस्तुलात लागतं ते. एकाच कुटुंबात एक पिस्तूल, एक रिव्हॉल्व्हर असेल आणि दोन्ही काडतुसं एकाच कपाटात असतील, तर गफलत व्हायला एक रात्र पुरते. एसीपीची पुंगळी १७.३ मिमीची, पण जाडी तीच, आणि तिच्या बुडाला अर्धवट कड असते, म्हणून ती रिव्हॉल्व्हरच्या घरात बसते. मर्यादा २०,५०० पीएसआय, लाँगपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. शिवाय कडेची जाडी लाँगच्या ०.०५५ इंचांऐवजी ०.०४५ इंच, म्हणजे मागं पाव मिलिमीटर मोकळं राहतं. त्यामुळं कधी ठोका हलका बसून काडतूस उडत नाही, कधी प्रायमर (बुडातली पेटवणारी टोपी) मागं सरकून सिलिंडर अडकतं, आणि बारीक कडेवरून एक्स्ट्रॅक्टर (पुंगळ्या वर उचलणारा भाग) घसरून पुंगळी त्याच्या खाली जाते. बिचारा मालक हत्यार खराब झालं म्हणतो. ओळख सोपी आहे: बुडाजवळ खाच आणि आखूड पुंगळी म्हणजे पिस्तुलाचं, बाहेर आलेली पूर्ण कड आणि लांब पुंगळी म्हणजे रिव्हॉल्व्हरचं. आखूड .३२ एस अँड डब्ल्यू चालतं, पण बरीच उडवली की घरात मळाचं कडं बसतं आणि मग लाँग आत जाताना अडतं.

आता दाब वाढला की नक्की काय होतं ते आकड्यांत. पुंगळीचा आतला व्यास ढोबळमानानं ०.३ इंच धरला तर क्षेत्रफळ ०.०७ चौरस इंच. १५,००० पीएसआयला पुंगळीचं बूड मागच्या ढालीवर सुमारे ४८० किलोचा धक्का देतं. एसीपीच्या मर्यादेला तो ६५० किलोच्या पुढं जातो, .३२७ च्या दाबाला १,४०० किलोच्या. पुंगळी भिंतीला चिकटते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी होतो, पण तुलना तीच राहते. बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा धक्का वरच्या पट्टीसह अखंड चौकट घेते. टॉप-ब्रेकमध्ये चौकट दोन तुकड्यांची, तो सगळा ताण वरचा लॅच आणि खालची बिजागरीची पिन पेलते. एका गोळीनं ती तुटेलच असं नाही. ती दर गोळीला केसभर झिजते, ढिली होते, आणि ढिलाई आली की पुढचा धक्का हातोड्यासारखा बसतो.

दुसरी कमजोर जागा सिलिंडर. बाहेरून ज्या खाचेत सिलिंडर-स्टॉप (सिलिंडर जागी धरणारा खटका) बसतो, ती खाच ठीक घराच्या वर आली असेल तर तिथली भिंत सगळ्यात पातळ असते. चीर पडली तर तिथून सुरू होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: माप तेच, पोलाद तेच, पण हीट ट्रीटमेंट नसेल तर जॉब वेगळा. स्मिथ अँड वेसननं सुद्धा आपल्या .३८ च्या सिलिंडरांना ही प्रक्रिया १९१९च्या सुमारास सुरू केली. १९५७ मध्ये त्यांनी मॉडेल नंबर द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या, नंबर नसलेल्या .३८ स्पेशलमध्ये ‘+पी’ (नेहमीपेक्षा जास्त दाबाचं) काडतूस घालू नये असा जाणकारांचा नियम आहे. ती चौकट तर अखंड असते. .३२ लाँगसाठी सामीचं ‘+पी’ मानकच नाही, म्हणून अशा डब्यावरचं ‘+पी’ म्हणजे त्या कंपनीचा स्वतःचा अंदाज.

साधं काडतूस उडवण्याआधीसुद्धा तपासणी करावी. लॅच उघडून सहाही घरं डोळ्यांनी आणि बोटानं रिकामी असल्याची खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग बंद करून एका हातात मूठ, दुसऱ्या हातात नळी धरून वर-खाली आणि बाजूला हलवा. लॅचपाशी टकटक जाणवली तर तिथंच थांबा, पुढचं तपासायची गरज नाही. नंतर घोडा सावकाश ओढून सहाही घरं बघा: घोडा अडकायच्या आधी सिलिंडर कुलूप झालं पाहिजे. एखाद्या घराला बोटानं ढकलावं लागत असेल तर गोळी नळीच्या कडेला घासून शिसं बाजूला उडतं. मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या. नळी आणि सिलिंडरमधली फट ०.१० ते ०.२० मिमी असेल तर उत्तम, ०.३० च्या पुढं वाईट. ही फट सिलिंडर मागं दाबून एकदा आणि पुढं दाबून एकदा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे पुढं-मागची ढिलाई, ती ०.१ मिमीपुढं असेल तर दुरुस्तीशिवाय वापरू नका. शेवटी टॉर्च लावून घरांच्या भिंती बघा. आपल्या पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये चार महिने ठेवलेल्या हत्याराला आतून गंजाचे खड्डे पडतात, आणि खड्डा म्हणजे पातळ भिंत.

बर्मिंगहॅमचे प्रूफ शिक्के (दाबाच्या चाचणीचे) बघून निश्चिंत होऊ नका. १९५४ नंतरच्या शिक्क्यांत बोअर, पुंगळीची लांबी आणि टनांत दाब असतो. .३८ एस अँड डब्ल्यूवर ‘३½ टन’ दिसतं, २,२४० पौंडांच्या टनानं ते ७,८४० पौंड होतात, आणि त्याच काडतुसाची सामी मर्यादा १४,५०० पीएसआय. मोजण्याच्या पद्धतीच वेगळ्या, म्हणून टनांचे पौंड करून डब्यावरच्या आकड्याशी ताडून पाहणं व्यर्थ. शिवाय शिक्का त्या दिवसापुरता असतो. नंतर कुणी घर रीमरनं वाढवलं असेल तर त्याला अर्थ उरत नाही. जुन्या .४५५ वेब्लींची हीच गत झाली. .४५ एसीपी बसावं म्हणून सिलिंडरची मागची बाजू छिलली, आणि सुमारे १३,००० पीएसआयच्या हत्यारात २१,००० पीएसआयचं काडतूस उडू लागलं. त्यात सिलिंडरं फुटली आहेत. घर वाढवून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, कारागीर कितीही हुशार असो.

‘प्रायमर चपटा झाला नाही, म्हणजे दाब ठीक आहे’ हेही चुकीचं. प्रायमर चपटा व्हायला लागणारा दाब या हत्याराच्या मर्यादेच्या कितीतरी पुढचा. पुंगळी हातानं सहज निघत नसेल, लांबीत चिरली असेल किंवा लॅच आधीपेक्षा सैल वाटत असेल, तर नुकसान आधीच झालेलं असतं.

ज्यांना सरावच करायचा आहे त्यांना ९८-१०० ग्रेनची वॉडकटर (सपाट तोंडाच्या गोळीची) काडतुसं जास्त मानवतील. सेंटरफायर पिस्तूल स्पर्धेत ती .३२ लाँग मध्येच वापरतात, दाब हलका आणि कागदावर भोक स्वच्छ पडतं. नवं घ्यायचं असेल तर २०२३ मध्ये आलेलं प्रबल रिव्हॉल्व्हर बघावं, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. त्यातही परवान्यावर लिहिलेलं .३२ लाँगच घालायचं.

जुन्या डब्यातली, हिरवट पुंगळ्यांची काडतुसं उलट बाजूनं धोक्याची. आवाज ‘फुस्स’ आला आणि धक्का बसला नाही तर गोळी नळीत अडकली असू शकते. चाप पुन्हा ओढू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, रिकामं करा आणि नळीतून पितळी सळई घालून बघा. सळई आरपार आली नाही तर हत्यार परवानाधारक कारागिराकडे न्या. घरी ठोकून गोळी काढू नका, नळी फुगते.